साउनातली बरणी

टोरिन या बर्फाळ गावातल्या, सरकारी परवाना असलेल्या गांजाच्या दुकानात आर्डिस कोस्केलाला सगळे 'पाद्रीणबाई' म्हणतात. हे नाव ठेवलं डेनिस सोव्हाने. तो रस्त्यावरचं बर्फ उपसणारी गाडी चालवतो. एका शुक्रवारी तो रांगेत उभा होता, आणि आर्डिस पुढच्या गिऱ्हाइकाला समजावत होती, की गांजाची ही जेलीची गोळी खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, दोन तास वाट बघायची, काहीच झालं नाही म्हणून दुसरी तोंडात टाकायची नाही. डेनिस मागून ओरडला, "आमेन! आता दानपेटी फिरवा, पाद्रीणबाई!" रांग हसली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं तर कायदा एवढंच म्हणतो की प्रत्येक विक्रीबरोबर गिऱ्हाइकाला तळहाताएवढं एक पत्रक मिळालं पाहिजे. पोरांच्या हाती लागू देऊ नका, आणि विषबाधा झालीच तर या नंबरावर फोन करा, असं त्यावर छापलेलं असतं. ते वाचून दाखवा असं कायदा म्हणत नाही. बाकीची मुलं-मुली पत्रक पिशवीत कोंबतात आणि "मजा करा" म्हणतात. वसंतात बर्फ वितळलं की दुकानासमोर ती पत्रकं चिखलात लोळत पडलेली दिसतात. आर्डिस मात्र पत्रक हातात धरून बोलते. गाडी चालवू नका. पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल तर घेऊ नका. कुलपात ठेवा. घरात पाहुणे येतात, त्यांना काय माहीत? पाकिटातून काढून दुसऱ्या कशात भरू नका. आणि दोन तास थांबा.

ही सवय शाळेच्या स्वयंपाकघरातली. तिथे ती सव्वीस वर्षं वाढपी होती. कुठल्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला दूध बाधतं, हे ती प्रत्येक ताटामागे मोठ्याने म्हणायची. पोरं टिंगल करायची, पण तिच्या हातून कधी कुणाचा घसा सुजला नाही. पुढे शाळा बंद पडली, नवरा वारला, आणि बियांकीच्या पोराने जुन्या बँकेच्या इमारतीत गांजाचं दुकान उघडलं तेव्हा तिने सरळ आत जाऊन विचारलं, माणूस हवंय का.

ट्रॅव्हिस बियांकी तिशीचा, मनाने बरा, पण शुक्रवारची रांग दाराबाहेर गेली की त्याचा जीव वरखाली होतो. "आर्डिस, अहो, कागद द्या आणि सोडा ना. लोकांना वाचता येतं."

"वाचता येतं रे, पण वाचतात का?"

"ते त्यांचं नशीब."

"बरं," आर्डिस म्हणायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सगळं सांगायची.

तिचा थोरला भाऊ वॉलफ्रेड, म्हणजे वॉली, याला मात्र या नोकरीत हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. तो जुन्या चर्चचा माणूस. त्यांच्यात टीव्ही नाही, दारू नाही, बायकांच्या ओठांना रंग नाही. आर्डिसने रे नावाच्या कॅथलिकाशी लग्न केलं तेव्हाच ती त्या चर्चमधून बाहेर पडली होती. ते त्याने पचवलं, पण हे नाही पचलं. "सैतानाचा पाला विकतेस," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर बहिणीशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. वॉली दुष्ट नव्हे. शेजाऱ्याचं छप्पर बर्फाने वाकलं तर सत्तरी उलटल्यावरही हा शिडी लावून वर चढणार. पण एकदा ठरवलं की ठरवलं, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

त्याची बायको सायमी. तिचे हात संधिवाताने पार वाकडे झाले होते. बोटं एकमेकांवर चढलेली, कॉफीचा कप दोन्ही पंजांत धरून उचलायची. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोटात आग पडायची. एक दिवस किराणा दुकानाच्या आवारात तिने आर्डिसला गाडीआड ओढलं.

"तुझ्याकडचं ते... दुखण्यावर चालतं म्हणे?"

"काहींना चालतं, काहींना नाही. वॉलीला विचारलंस?"

"त्याला विचारायचं असतं तर तुझ्या गाडीमागे लपले असते का मी?"

आर्डिसने तिलाही सगळं साग्रसंगीत सांगितलं. आधी तुझ्या डॉक्टरला विचार म्हणाली, ते सायमीने विचारलं. मग एका बर्फाळ दुपारी दुकानात येऊन, टोपी नाकापर्यंत ओढून, ती पाकीट घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला: पाकीट उघडत नाही.

उघडणार कसं? लहान पोरांना उघडता येऊ नये असंच ते पाकीट करायचं असतं. इथे दाबा, तिथे धरा, आणि त्याच वेळी वर ओढा. धडधाकट पोर ते खटपट करून उघडेलही, पण संधिवाताच्या बाईला ते जन्मात उघडत नाही. कायदा करणाऱ्यांची बोटं सरळ असणार.

मग दर दोन आठवड्यांनी, वॉली चर्चची लाकडं फोडायला गेला की आर्डिस त्यांच्या घरी जाऊ लागली. कात्रीने पाकीट कापायची आणि लालचुटूक गोळ्या जॅमच्या रिकाम्या बरणीत ओतायची. पाकीट घरात ठेवायची सोय नव्हती, कारण त्यावर गांजाच्या पानाचं चित्र आणि ठळक अक्षरांत इशारा. म्हणून पाकीट आणि पत्रक दोन्ही परसातल्या साउनाच्या, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोपटाच्या, चुलीत जायचं. बरणी साउनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे बदलतात तिथे, टॉवेलांच्या घडीमागे. शनिवारी साउना तापली की आधी पुरुष जातात, मग बायका. सायमी आपला शेक झाल्यावर दाताने अर्धी गोळी तोडायची, आणि त्या रात्री शांत झोपायची.

दुकानात दिवसभर 'पाकिटातून काढू नका' म्हणणारी बाई भावजयीच्या घरी स्वतः कात्री चालवत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आर्डिसला ते कळत नव्हतं असं नाही. एकदा म्हणालीसुद्धा, "बरणीवर निदान चिठ्ठी तरी चिकटव."

"काय लिहू? 'वॉली, हात लावू नकोस'? मग तर तो पहिल्यांदा तीच उघडेल!"

दोघी पोट धरून हसल्या. सायमीला इतकं हसताना आर्डिसने खूप वर्षांनी पाहिलं होतं, आणि त्या हसण्यासाठी तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, हे सरळ सांगितलेलं बरं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी वॉलीने साउना जरा जास्तच तापवली. त्याला साखरेचा आजार, इन्सुलिन घेतो. त्या दिवशी इन्सुलिन घेतलं आणि मग चर्चमधल्या कामात जेवण अर्धवट राहिलं. उष्णतेत साखर भराभर उतरते हे त्याला माहीत होतं, म्हणून कोटाच्या खिशात खडीसाखर असायची. पण कोट घरात राहिला होता. चुलीवरच्या तापल्या दगडांवर शेवटचं पाणी मारून तो बाहेरच्या खोलीत आला तेव्हा गुडघे लटपटत होते आणि डोळ्यांपुढे काजवे. घरापर्यंतची वाट कमरेएवढ्या बर्फातून. टॉवेल ओढला तर मागे बरणी. बरणीत साखरेत घोळलेल्या लाल गोळ्या. त्याने एकामागून एक पाच खाल्ल्या, बाकावर टेकला, आणि थरथर थांबली तसे देवाचे आभार मानले.

घरात आल्यावर बायकोला म्हणाला, "साउनातल्या तुझ्या त्या गोळ्यांनी आज मला तारलं. पाच खाल्ल्या. कुठून आणल्यास?"

"दुकानातून," सायमी म्हणाली.

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नवरा चांगला दिसत होता, कॉफी मागत होता, आणि ज्या नंबरावर फोन करायचा तो चुलीत राख झालेला. कदाचित काही होणारही नाही, असं तिने मनाला समजावलं. साधारण दीड तासाने वॉली टेबलाशी बायबल वाचत असताना त्याचे शब्द लांबायला लागले. एका ओळीवर तो हसला. तो माणूस बायबल वाचताना कधी हसत नाही. मग त्याचा चेहरा घाबराघुबरा झाला, जमीन हलतेय म्हणाला, उठायला गेला आणि कोसळला. उलटी झाली. बोलणं तर एकदम गिचमिड. सायमीने रुग्णवाहिका बोलावली, आणि मग नणंदेला फोन केला. "वॉलीला अर्धांगाचा झटका आलाय. ये."

आर्डिस इस्पितळात पोचली तेव्हा बातमी चर्चपर्यंत गेली होती. दोन वडीलधारे टोप्या मांडीवर ठेवून बाकावर बसले होते. सायमी त्यांच्या शेजारी, ताठ. नणंदेला बघताच ती उठली, तिचं कोपर धरून कॉफीच्या यंत्राआड घेऊन गेली आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"सायमी!"

"हळू बोल. ते दोघं बसलेत तिथे. उद्या अख्ख्या चर्चला कळेल की वॉलीची बायको चोरून... आणि तो? तो मला घरात ठेवेल? एकोणपन्नास वर्षं झाली, आर्डिस, मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नाही. हे एकच." तिचे वाकडे पंजे आर्डिसच्या बाहीत रुतले होते. "तूच सांगतेस ना दुकानात, की ते आपोआप उतरतं म्हणून? उतरू दे. गप्प राहू."

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आला. डोळे थकलेले, पण बोलणं सरळ. डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नाही, म्हणाला, पण लक्षणं मेंदूत गुठळी अडकल्याची वाटतात. मोठ्या शहरातला मेंदूचा डॉक्टर पडद्यावरून बघतोय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, ते वेळेत दिलं तरच उपयोग. त्यात धोकाही आहे, मेंदूत रक्त सुटू शकतं. गुठळी असेल तर तो पत्करावा लागतो.

"एक विचारायचंय. आज त्यांनी नेहमीपेक्षा वेगळं काही घेतलं होतं का? दारू, कुठलं औषध, काहीही?"

"माझा नवरा दारूला शिवत नाही," सायमी म्हणाली. बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. ते खरंच होतं.

"मग इथे संमतीची सही लागेल."

सायमीने पेन घेतलं. ते तिच्या बोटांत बसेना, घसरायला लागलं. तिने दुसऱ्या हाताने ते घट्ट आवळलं. आर्डिस बघत राहिली. तिला वाटत होतं ही आता थांबेल, आता मान वर करेल. सायमी खरंच सही करत होती. लाजेने माणूस किती लांब जातो, ते आर्डिसने त्या क्षणी पाहिलं, आणि तिला आपल्या भावजयीची भीती वाटली.

"इंजेक्शन देऊ नका," ती म्हणाली. "त्याने गांजा खाल्लाय."

बाकावरची एक टोपी खाली पडली.

"जेलीच्या गोळ्या. एकेक दहा मिलिग्रॅमची. पाच. चारच्या सुमाराला, साउनात, साखर उतरली म्हणून. त्याला माहीत नव्हतं काय आहे ते. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे जास्त चढणार, आणि वय झालंय. अजून काही तास उतरणार नाही." आवाज दुकानातलाच होता. ती स्वतःच चकित झाली. "बरणी माझी. मीच तिथे ठेवली."

डॉक्टरने पेन सायमीच्या हातातून काढून घेतलं. "तुम्ही त्यांना खाताना बघितलंत?"

"नाही."

"मग पाच कशावरून? एक असेल, काहीच नसेल. आणि ही खरोखर गुठळी असेल, तर मी इंजेक्शन अडवून त्यांना पांगळं करून ठेवीन. मला नक्की कळायला हवं. हे कुणाला सांगितलं त्यांनी?"

आर्डिसने सायमीकडे पाहिलं. बोल, बाई, एवढं तूच बोल. सायमी भिंतीकडे बघत होती. घड्याळाचा काटा चालला होता.

"हिला," आर्डिस म्हणाली. "हिला त्याने स्वतः सांगितलं."

डॉक्टर सायमीकडे वळला. तिने हो म्हणून मान हलवली. डॉक्टर तसाच आत पळाला.

इंजेक्शन टळलं. तपासणीत गांजा निघाला, विषबाधेच्या फोनवरच्या बाईंनीही तेच सांगितलं: सलाईन लावा, साखर बघत राहा, पडू देऊ नका. सकाळी वॉली उठून बसला, अंडी मागितली, आणि रात्री आपण गाणं म्हटलं का असं नर्सला विचारलं. म्हटलं होतं म्हणे.

पुढचं जे झालं ते गावाने आपापल्या परीने रंगवलं. खरं एवढंच, की पुढच्या रविवारी सायमी चर्चमध्ये उभी राहिली आणि सगळ्यांसमोर क्षमा मागितली. त्यांच्यात तशी रीत आहे. मागितली की देतात, आणि विषय संपतो. वॉलीनेही दिली. तिने गांजा घेतला म्हणून क्षमा मागितली. हातात पेन धरलं होतं, त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. बाकावरच्या दोघांनीही क्षमेनंतर ते उकरलं नाही; पण अगदी शेजारी उभी राहून ते पाहिलं होतं आर्डिसने.

आर्डिसने फोन केले, सायमीने उचलले नाहीत. एकदा गरम पाव टॉवेलात गुंडाळून दारात ठेवून आली. दुसऱ्या दिवशी धुतलेला टॉवेल तिच्या टपालपेटीत, घडी घातलेला, वर एक अक्षर नाही. आर्डिस टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि रडली. चाळीस वर्षांची मैत्रीण होती. भाऊ वाचला याचा आनंद एका डोळ्यात आणि हे दुसऱ्यात.

दुकानात तिने बियांकीला स्वतःहून, त्या पेनाचं सोडून, सगळं सांगितलं. त्याला वाटलं ही आता नोकरी सोडणार. ती म्हणाली, "सोडत नाही. पण आता रांग जास्त लांब होईल."  डेनिस सोव्हा आला तेव्हा तिने त्यालाही तेवढंच सांगितलं, आणि तो 'आमेन' म्हणाला नाही. पत्रकाची घडी घालून पैशाच्या पाकिटात ठेवली त्याने.

मार्च संपत आला होता. भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी गाडी दारासमोर लावून वॉली दुकानात शिरला. टोपी काढली. दारावरच्या पोराने नियमाप्रमाणे वयाचा दाखला मागितला, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने मुकाट लायसन्स काढून दिलं. रांगेत त्याच्यापुढे दोघं होते. त्यांचं होईपर्यंत तो चर्चमध्ये उभा राहतो तसा उभा राहिला.

"सायमीचं ते दे," काउंटरशी येऊन म्हणाला.

आर्डिसने विचारलं, "तिने पाठवलं?"

"नाही. काल पोशाखाची बटणं लावताना रडली. मी लावून दिली. म्हटलं, मी आणतो." त्याने टोपी काउंटरवर ठेवली. "डॉक्टरला विचारलंय. पाकीट मी उघडेन, आणि ते पाकिटातच राहील, माझ्या कपाटात, कुलपात. तू आपलं ते बोल."

"काय बोलू?"

"सगळ्यांना बोलतेस ते. मी ऐकलेलं नाही."

मग तिने सांगितलं. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता, सख्ख्या भावाला. तो मान खाली घालून ऐकत होता. मागे रांग वाढत होती. पाकिटातून काढून दुसऱ्या कशात भरू नका, इथे मात्र ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढे गेली.

संपल्यावर त्याने पत्रक कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तो निघाला.

"वॉली. ती कशी आहे?"

तो वळला. खोटं बोलणं त्याला जमत नाही, कधीच जमलं नाही. "म्हणते, आर्डिसने केलं ते बरोबर केलं. ती बोलली नसती तर आज मी विधवा असते, असं म्हणते."

"आणि?"

"आणि ती घरात आली तर मी मागच्या दाराने निघून जाईन, असंही म्हणते."

आर्डिसने काउंटरची कड धरली. बोलायचं खूप होतं. ये म्हणावं, मी काही मनात धरलेलं नाही म्हणावं, पेनाचं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही म्हणावं. पण हा निरोप घेऊन जाणार होता तो त्या पेनाबद्दल काही न जाणणारा नवरा.

"तिला सांग," ती म्हणाली, "अर्धीच घे म्हणावं. पुरी नको. आणि दोन तास थांब."